माशी सर आणि नेकनूरची सोयरीक

काळे सर सकाळी देवाला हात जोडायच्या आधी माश्यांना विचारायचे, "उठलात का?" पिकल्या केळ्याभोवती घोंगावतात ना, ती तांबड्या डोळ्यांची बारीक चिलटं. बीडच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे, मी मराठी, आणि आमच्या भाड्याच्या खोल्यांत एकच भिंत. चिलटं माझ्या वरणातही पडायची. तक्रार केली की म्हणायचे, "पळून आली म्हंजे मिसळीची असंल. लई काटक असत्यात." अजूनही घरात केळं पिकलं की मला सर आठवतात.

दुष्काळात जनावरं छावणीला गेली, सहकारी दूध संघ बंद पडला आणि संघाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या सरांनी मागून आणल्या. चेअरमन म्हणाले, "न्या. दूध न्हाई तर न्हाई, कायतरी वळवळू द्या त्यात." काही बाटल्यांत सख्ख्या बहीणभावांचीच लग्नं लावून वाढवलेल्या 'घरच्या' माश्या, बाकीच्यांत परक्या जोड्यांच्या 'मिसळीच्या'. मग दोन्हींना ऊन दाखवायचं.

"जनुकं म्हंजे अंगातले मुकादम," सर समजवायचे. "ऊन वाढलं की काही कामं बंद करत्यात, काही नवी काढत्यात. घरच्या माशीचे मुकादम मात्र येडे. दुष्काळ पडायच्या आधीच दुष्काळी कामं काढून बसत्यात. मग खरा दुष्काळ आला की हातात काय न्हाई."

हे सगळं कशावरून चाललंय ते गल्लीला ठाऊक होतं. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हा आमच्याकडचा रिवाज. सरांच्या मामांची शकू नेकनूरला होती, आणि नेकनूरला जायचं म्हटलं की सर एसटी येईपर्यंत भांगच पाडत बसायचे. पण त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच सोयरिकी. शकूची थोरली बहीणही दुसऱ्या एका आतेभावालाच दिलेली. तिची लेकरं जगली नव्हती.

मामांनी लग्नाचं शेवटचं विचारायला बोलावलं, तेव्हा सर दोन बाटल्या घेऊन निघाले. सोबत मला ओढलं. एसटीत मुद्दाम उन्हाची बाजू धरली. नेकनूर येईपर्यंत मिसळीच्या माश्या काच चढत होत्या, घरच्या तळाशी आडव्या. सरांनी दोन्ही बाटल्या मामांपुढं ठेवल्या.

"बघा मामा. म्हणून मी न्हाई म्हणतो."

मामांनी बाटली उन्हाकडं धरून पाहिली. "का रं? माझी लेक काय चिलट हाय?"

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. शकू पाणी घेऊन आली. तिनं आडव्या माश्यांची बाटली उचलली आणि आत रांजणाच्या गारव्याला नेऊन ठेवली. निघताना परत आणून दिली, तर बऱ्याच माश्या उठून बसलेल्या.

"उन्हानं नुसती झापड आलती," सर पुटपुटले.

"असंल," शकू म्हणाली आणि आत गेली.

पुढं तिला नांदूरघाटला दिली, नात्याबाहेर. लग्नात सरांनी पंगती वाढल्या. चिलटांपायी सोयरीक मोडलेला नवरदेव म्हणून आम्ही त्यांना लई चिडवलं. ते हसायचे. लग्न मात्र केलं नाही.

बऱ्याच वर्षांनी शकूची मुलगी कॉलेजात नाव घालायला आली. उंच, दणकट. स्टँडपासून भर उन्हात चालत आलेली, तरी बोलायचा दम कमी नाही. सर तिच्याकडं बघतच राहिले. "काच चढंल ही," माझ्या कानात म्हणाले.

मग तिला विचारलं, "आई कशी हाय?"

"बरी हाय की, मामा. ती म्हणली, मामाला इचार, माश्या आता तरी सावलीत ठिवतो का."

सर हसले. तिला केळी दिली, गेटापर्यंत सोडून आले. खोलीत आल्यावर खिडकीतल्या उन्हातली एक एक बाटली उचलून माठामागं मांडायला लागले. अर्ध्यात थांबून म्हणाले, "बरोबरच केलं ना हो मी?"

मी उरलेल्या बाटल्या उचलून त्यांच्या हातात देत राहिलो.