चार गावांचं शेण आणि एक गेट

हेमांगीनं सांगितलं होतं ते एवढंच की, "अहो, येताना नर्सरीतून खताच्या दोन पिशव्या आणा." उत्तमरावांनी त्या आणल्या असत्या तर ही गोष्ट तिथेच संपली असती, सोसायटीचं गेट मोकळं राहिलं असतं आणि मेघनाताई आजही त्यांच्याशी बोलत असत्या. पण नर्सरीच्या दारात उभं राहिल्यावर उत्तमरावांच्या मनात एक विचार आला. (त्यांना विचार क्वचितच येतो, पण आला की तो असा येतो.) विकतचं कशाला? आपण वांग्यांना अस्सल गावाकडचं शेणखत घालू. आणि ते हात हलवत घरी आले.

घोडबंदर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीच्या नावात 'वन' आहे, 'व्हॅली' आहे आणि 'ग्रीन' तर दोनदा आहे. प्रत्यक्षात हिरवी म्हणावी अशी जागा एकच, डी विंगच्या मागची, ट्रान्सफॉर्मर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली पट्टी. तिथे विटा लावून डबलबेडएवढे वाफे पाडलेत आणि हौशी सभासदांना वाटून दिलेत. पाण्याचा पाइप सामायिक, खुरपी सामायिक, भांडणंही सामायिक. या सगळ्याचे इनचार्ज उत्तमराव. मीटिंगमध्ये "कोण होतंय इनचार्ज?" असं विचारल्यावर बाकी सगळे "नाही" म्हणाले होते, एवढीच त्यांची पात्रता.

कारण उत्तमरावांना 'नाही' म्हणता येत नाही. भीड पडते. विमा कंपनीच्या कल्याण ऑफिसात ते जन्मभर लोकांच्या अर्जांवर 'नामंजूर' असा शेरा मारत आलेत, पण तो लिहायचा असतो, तोंडानं म्हणायचा नसतो. समोर माणूस उभा राहिला की त्यांची मान आपोआप वरखाली हलते. दारावर आलेल्या विक्रेत्यांना नाही म्हणता न आल्यामुळे त्यांच्या घरात आज तीन वॉटर प्युरिफायर आहेत.

आता हेमांगीचं सांगायला हवं. कोपरीच्या चाळीत तिच्या दाराशी तेलाच्या डब्यांमध्ये मिरची, गवती चहा, ओवा असं काय काय लावलेलं असे आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई पान खुडायच्या निमित्तानं दहा मिनिटं बोलून जाई. अकराव्या मजल्यावर राहायला आल्यापासून ती लिफ्टमधल्या आरशाशिवाय कोणाकडे बघून हसली नव्हती. वाफा मिळाला आणि बाई पुन्हा पहिल्यासारखी झाली. संध्याकाळी खाली जाते, वांग्यांशी बोलते, मग शेजारच्या वाफ्यातल्या बायकांशी वांग्यांबद्दल बोलते आणि वर येऊन उत्तमरावांना दोन्हीकडचा वृत्तांत देते. उत्तमरावांचा बायकोवर फार जीव आहे. (हे त्यांनी तिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळेची वाट बघतायत.) त्यामुळे काय वाटेल ते झालं तरी हेमांगीचा वाफा टिकायला हवा होता.

आणि तो टिकेल याची काही खात्री नव्हती. सोसायटीचे चेअरमन धनेश यांचा त्या पट्टीवर डोळा होता. त्यांना तिथे व्हिजिटर्स पार्किंग हवं होतं. "बागेबद्दल आणखी एक तक्रार आली," त्यांनी मागच्याच मीटिंगमध्ये बजावलं होतं, "की वाफे बंद आणि डांबर चालू!"

अशा नाजूक परिस्थितीत उत्तमराव हौसाबाईंकडे गेले. हौसाबाई म्हणजे बी विंगमध्ये मुलाकडे राहणाऱ्या, जतकडच्या आजी. वाफा मुलाच्या नावावर, हुकूमत आजींची.

"आरं, मग आदी न्हाई का सांगायचं?" त्या म्हणाल्या. "माजा भाचा डाळिंबाची पिकअप घिऊन कल्याणच्या मार्केटात येतुया. पोती टाकंल की गाडीत! खिल्लार बैलांचं हाय. असलं खत मुंबईच्या बापानं बगितलं नसंल."

"चालेल," उत्तमराव म्हणाले. "फक्त ग्रुपवर टाकू नका, उगाच चर्चा होते."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण लिफ्टमध्ये निवृत्त मुख्याध्यापिका मेघनाताई भेटल्या. वांग्यांचा विषय निघाला, वांग्यांवरून खताचा निघाला. "उत्तमराव, आमच्या मेहुण्यांची कर्जतला गोशाळा आहे," त्या म्हणाल्या. "केवळ गीर गाई. ते खत मी मागवते. आपण नाही म्हणायचं नाही हं." आता नाही म्हणू नका, असं उत्तमरावांना सांगणं म्हणजे माशाला पोहायचा आग्रह करणं. ते हो म्हणाले. वर "ग्रुपवर टाकू नका" हेही म्हणाले.

वाफ्यावर सिद्धेश भेटला. हा आयटीतला मुलगा, वर्क फ्रॉम होम करता करता पालक लावतो. "काका, टेन्शनच नका घेऊ! मुरबाडला मामाचा गोट फार्म आहे. लेंडीखत, एकदम ड्राय, प्रीमियम. मी बोललोय त्याला ऑलरेडी." तो ऑलरेडी बोललेला असल्यामुळे उत्तमराव त्यालाही हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आंबिवलीचा धाकू रुसून बसला होता. तो शिपाई, पण घरी म्हशींचा गोठा. खताची बातमी त्याच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. (उत्तमरावांनीच डबा खाताना सांगितली होती.) "सायेब, मना सांगाचा ना! आमचे म्हशींचा शेन कवरा पन नेवा, टेंपो भरून नेवा. तुमी आमाला परका समजताव." माणूस दुखावलेला बघून उत्तमरावांची मान हलली.

चौघांनाही रविवारच सोयीचा होता. उत्तमरावांनी हुशारीनं वेळा वाटून दिल्या, पहाटे एक, सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. कोणाला कोणाचा पत्ता लागणार नव्हता. या योजनेवर ते इतके खूश झाले की त्यांनी हेमांगीला आपण होऊन सिनेमाला नेलं.

सिनेमाहून येतात तो नोटीस बोर्डावर नवीन कागद. 'रविवारी सकाळी मॅनेजिंग कमिटी बागेची पाहणी करून अंतिम निर्णय घेईल.'

"माझी वांगी काढून टाकतील का हो?" हेमांगीनं विचारलं. फार हळू विचारलं. ओरडली असती तर उत्तमरावांना सोपं गेलं असतं.

त्यांनी ठरवलं, चौघांनाही फोन करून स्पष्ट नाही सांगायचं. पहिला फोन हौसाबाईंना केला. "आजी, ते खताचं म्हणजे मी काय म्हणत होतो..." "आरं, कमी पडतंय व्हय? थांब, आणिक दोन पोती टाकाया सांगते!" आजींनी फोन ठेवला. मेघनाताईंना त्यांनी खताबद्दल अवाक्षर न काढता तब्येत विचारली. सिद्धेशच्या मामाचा पत्ता लिहून घेतला. धाकूनं तर "बारका टेंपो आनू का मोटा?" असं विचारलं आणि एवढ्या प्रेमानं विचारलेल्या माणसाला बारका कसं म्हणायचं, म्हणून उत्तमराव "मोठा" म्हणाले.

रविवारी पहाटे घोडबंदर रोडवर एक कंटेनर आडवा झाला. पहाटेची पिकअप त्याच्या मागे अडकली. सकाळचा टेंपो पिकअपच्या मागे अडकला. दुपारचे आणि संध्याकाळचे तर ट्रॅफिकच्या धास्तीनं आधीच निघाले होते, तेही येऊन रांगेला लागले. उत्तमरावांनी दिवसभरात पसरवून ठेवलेल्या चारही गाड्या त्या रस्त्यानं छान एकत्र गोळा केल्या आणि नेमक्या पाहणीच्या वेळेला सोडल्या.

इंटरकॉम वाजला. "सर," वॉचमन म्हणाला, "आपका गोबर आया है."

"कौनसा?" उत्तमराव ओरडले.

"सर, पूरा."

ते गेटवर पोचले तेव्हा चारही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या होत्या आणि खत मागवणारे चौघंही तिथे जमून एकमेकांकडे बघत होते. "हे काय, उत्तमराव?" मेघनाताईंनी विचारलं. "आपण तर गीरला हो म्हणाला होतात!" त्यांच्या गोशाळेचं खत पाकिटांमध्ये होतं आणि प्रत्येक पाकिटावर ते ज्या गाईचं, तिचा फोटो होता. हौसाबाईंनी एक पाकीट फोडलं, चिमूट नाकाशी नेली आणि "सपक हाय," असा निकाल दिला. सिद्धेश मोबाइलवर लेंडीतल्या नायट्रोजनचे आकडे वाचून दाखवू लागला. "आकडं काय चुलीत घालायचं हायती?" आजी म्हणाल्या. धाकू म्हणाला, "इथं बोलून काय व्हनार, मी उतरवतो," आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यानं मोठ्या टेंपोचं फाळकं पाडलं. ताजं, ओलं, आंबिवलीचं शेण घरंगळत गेटच्या बरोब्बर मधोमध बसलं.

तेवढ्यात पांढऱ्या कुर्त्यातले धनेश कमिटीसह तिथे आले.

वास विंगा चढत गेला. खिडक्या उघडल्या, मग बंद झाल्या, मग माणसं नाकाला रुमाल लावून खाली यायला लागली. हेमांगीही आली. गेट, शेण, चार गाड्या आणि मधोमध नवरा, एवढं बघून तिच्या ओठांवर एक वाक्प्रचार आला होता, पण प्रसंग बघून तिनं तो गिळला. "हीच ती तक्रार!" धनेश म्हणाले. "मंडळी, उद्यापासून इथे..."

"हे जतचं का हो?" गर्दीतून एका आजोबांनी पिकअपमधल्या पोत्यांकडे बोट दाखवत विचारलं. त्यांनी रुमाल खाली घेतला होता. "मी सांगोल्याचा. आमच्याकडे असंच असायचं. माझ्या गॅलरीतल्या जास्वंदीला एक बादली मिळेल?"

"घ्या की!" हौसाबाई म्हणाल्या.

झालं. "कोकणातलं आहे का कुठलं?" एकीनं विचारलं. "नसलं तरी चालेल, म्हशीचं द्या." मुरबाडचा एक जावई निघाला, त्यानं सासुरवाडीचं म्हणून लेंडीखत मागितलं. लोक वर गेले आणि बादल्या, टब, केराचे डबे घेऊन खाली आले, एक जण तर कुकर घेऊन आला. रांग लागली. रांगेत ओळखी निघाल्या. शेजारी राहून ज्यांना एकमेकांची नावं माहीत नव्हती त्यांना एकमेकांचे तालुके कळले. घाईत कुणीतरी गीरचं आणि म्हशीचं एकाच घमेल्यात कालवलं. मेघनाताईंनी ते पाहिलं आणि त्या तोंड फिरवून निघून गेल्या.

धनेश बघत होते. आधी त्यांनी शेण पाहिलं, मग बादल्या पाहिल्या, मग एका बादलीमागे घरात किती मतं असतील याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. (निवडणूक पुढच्याच महिन्यात होती.) त्यांनी घसा साफ केला. "मंडळी, उद्यापासून इथे, म्हणजे आपल्या बागेत, कुणीही पार्किंगचा विषय काढायचा नाही! बाग हा आपल्या सोसायटीचा प्राण आहे!" टाळ्या पडल्या. हेमांगीचे डोळे भरून आले. उत्तमरावांना वाटलं, हीच ती योग्य वेळ, आता तिला सांगून टाकावं.

पण धनेशनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. त्यांच्या दुसऱ्या हातात थोडं लेंडीखत होतं आणि ते आता खरोखरच हळवे झाले होते. "उत्तमराव, आजोळची आठवण झाली हो. मलाही एक वाफा हवा. काय म्हणता, सगळे भरलेत? मग तुमचाच द्या की! तुम्ही इनचार्ज, तुम्हाला अख्खी बाग आहेच. नाही म्हणू नका."

उत्तमरावांनी तोंड उघडलं. आत 'न' तयार होता. त्यांनी तो ओठांपर्यंत आणला, जोर लावला, कपाळावर घाम आला आणि मान वरखाली हलू लागली.

"नाही," कुणीतरी म्हणालं.

हेमांगी होती. आवाज चढवला नव्हता, कपाळाला आठी घातली नव्हती. भाजीवाल्याला कोथिंबीर नको सांगावं तसं तिनं सांगितलं. "माझा वाफा आहे, मी देणार नाही."

"बरं, राहू दे," धनेश म्हणाले आणि दुसऱ्या कुणाकडे तरी वळले.

एवढंच! उत्तमराव थक्क झाले. वीज पडली नाही, कुणी दुखावलं नाही, चेअरमन तर पाच मिनिटांत हेमांगीला वांग्याची रोपं कुठून आणली ते विचारत होते. इतकं सोपं होतं तर आपण जन्मभर काय केलं? ते तडक घरी गेले, बाथरूमचं दार लावलं आणि आरशासमोर सराव सुरू केला. आधी नुसता 'ना' निघाला. मग 'नाही' निघालं, पण प्रश्नार्थक. शेवटी एक असं दणदणीत आलं की बाजूच्या फ्लॅटमधून भिंतीवर थाप पडली.

ते बाहेर आले तेव्हा छाती पुढे आली होती. सकाळपासून पोटात चहाचा घोटही गेला नव्हता. हेमांगी आलं ठेचून केलेला चहा कपांत ओतत होती. तिनं मान वर करून विचारलं, "चहा घेणार ना?"

"नाही!" उत्तमराव म्हणाले.

स्वच्छ, ठाम, पहिल्या झटक्यात. त्यांना स्वतःचा इतका अभिमान वाटला की चहा खरं तर हवाय, हे सांगायचंच ते विसरले.

"बरं," हेमांगी म्हणाली. तिनं दोन्ही कप उचलले आणि हौसाबाईंबरोबर प्यायला ती खाली वाफ्यावर निघून गेली. उत्तमरावांनी पातेलं उघडून पाहिलं. आत नुसता गाळ होता आणि घरात दूध संपलं होतं.