केरोजी नाईकांनी लेकरांकरिता खेळ रचिला त्याची हकीकत

श्री. ज्याच्या खेळी नट तोच आणि पाहणारही तोच, त्यास नमस्कार. शके सोळाशे त्र्याण्णव, खर नाम संवत्सरे, माघमासी वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. एका राज्यात केरोजी नाईक म्हणून थोर नट होते. राक्षसाचे सोंग आणावे तर त्यांनीच, आणि आवाज ऐसा की हत्तीने कान टवकारावे. तीस वर्षे दरबार गाजविला. त्या साली राणीसाहेबांनी आज्ञा केली की, "थोरांची करमणूक बहुत जाहली. आता तीन-चार वर्षांच्या लेकरांस खेळ करून दाखवावा." नाईक मनी हसले, की यात अवघड ते काय? मग राक्षस होऊन रंगणी उतरले आणि एक आरोळी ठोकिली, तों अवघी लेकरे आकांत करून पळाली, आणि राणीसाहेबांच्या कन्या सगुणाबाई, वय वर्षे तीन, दाईच्या पदराआड दडल्या त्या दोन दिवस बाहेर येईनात. राणीसाहेब इतकेच बोलल्या, "नाईक, पौर्णिमेस पुन्हा खेळ करा. न साधला तर मानाचा शेला ठेवून जावे." नाईकांस अन्न गोड लागेना. शेल्याचे दुःख थोडे. लेकरू आपणांस पाहून दडले, हे मनास फार लागले. मग ते लाडूबाई दाईस पुसते जाहले, तेव्हा दाई बोलली, "नाईक, तुम्ही ताडाएवढे उभे राहून बोलता. लेकरू गुडघ्याएवढे. आधी खाली बसा." मग नाईक बारा दिवस महालामागील अंगणात मांडी घालून बसले. लेकरे एका भोपळ्यास अंगडे घालीत आणि निजवीत, आणि निजत नाही म्हणून त्यासच दटावीत. नाईकांनी ते पाहिले आणि त्यावरून खेळ रचिला. भोपळा निजत नाही, इतकीच कथा. पुढे चांदोबा येणार, मग अस्वल येणार, ऐसे दोन प्रवेश आणिक बांधिले.

पौर्णिमेस खेळ मांडिला. मानकरी कुजबुजले, "यास नाटक म्हणावे?" नाईक भोपळा मांडीवर घेऊन अंगाई म्हणू लागले, तों जुन्या सवयीने आवाज चढला. सगुणाबाई उठल्या, थेट रंगणी आल्या आणि बोलल्या, "हळू म्हण. तो भ्याला." नाईकांनी आवाज उतरविला. बाई बोलल्या, "तुला येत नाही. ऊठ, मी निजवते." तीस वर्षांत भर खेळातून नाईकांस कोणी उठविले नव्हते, आणि चांदोबा व अस्वल तर पडद्याआड सजून उभे होते. नाईकांनी भोपळा बाईंचे हाती दिला आणि आपण त्यांच्या रिकाम्या जागी लेकरांत जाऊन बसले. मग एकेक लेकरू उठून गेले आणि अवघी भोपळ्यास थोपटू लागली. मानकरी मोठ्याने बोलले, "खेळ मोडला!" राणीसाहेबांनी नाईकांकडे पाहिले. नाईक ओठांवर बोट ठेवून बोलले, "सरकार, हळू. तो निजतो आहे."

सारांश, शेला राहिला. पुढे नाईकांनी अकरा वर्षे गावोगावी हाच खेळ केला. चांदोबा आणि अस्वल दर खेळी सजून पडद्याआड उभे राहिले, परंतु त्यांस बाहेर यावयाचे कारण कधी पडले नाही.