केळशीकर मुंज लावत नाहीत

केळशीकर कुणाच्याही घरी आले की आधी छताकडे बघतात. नमस्कार नंतर. इथे घरोघरी छताला धुराचा भोंगा असतो. जरा धूर झाला की तो किंचाळतो आणि शेजारीपाजारी धावत येतात. केळशीकर पडले होम करणारे. म्हणून त्यांच्या पिशवीत पळी-पंचपात्राच्या वर आंघोळीला घालायची प्लॅस्टिकची टोपी असते, हॉटेलात मिळते तसली. ते स्टूल मागतात, वर चढतात, भोंग्याला टोपी घालतात, खाली उतरतात आणि मग म्हणतात, "नमस्कार काकू. हेतू काय?"

म्हणजे हे कार्य तुम्ही कशासाठी करताय ते आधी सांगा.

आम्ही हॉलंडात, लायडस्खेनडामला राहतो. मुलगा, सून मृणाल, आठ वर्षांची नात ईरा आणि मी. केळशीकर आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली. वय एकसष्ट, लग्न केलेलं नाही. आठवडाभर लोकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासायचं आणि शनिवार-रविवारी भटजीपण करायचं. दक्षिणा म्हणून जेवणाचा डबा नेतात आणि डबा घासून परत आणतात. एवढ्यावरूनच मी त्यांना माणसात धरलं.

हेतूचं खूळ नोकरीतून आलं असं ते सांगतात. "काकू, पडद्यावर बटण दिसलं की मी विचारतो, हे कशासाठी? ते ठाऊक नसेल तर बटण बरोबर चाललंय की नाही हे कसं कळणार? संस्काराचंही तेच."

आमच्या मागच्या गल्लीत पुण्याचं एक जोडपं आहे, त्यांच्या मुलीच्या बारशाला मी गेले होते. इथे मूल झालं की तीन दिवसांत नगरपालिकेत जाऊन नाव लिहावंच लागतं. केळशीकर स्टुलावरून उतरले आणि बापाला म्हणाले, "नाव तर लिहून आलात. आता बाराव्या दिवशी पुन्हा ठेवायचा हेतू काय?"

बाप झोपेला आलेला होता. तो म्हणाला, "ते सरकारला सांगितलं हो. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही."

केळशीकर इतके खूश झाले की त्यांनी पाळणा स्वतः म्हटला. आवाज भसाडा आहे. मुलगी रडायला लागली.

तसे ते समजूतदार. एकीने जावळ काढायचा हेतू "बाळाला उकडतं" असा सांगितला, तोही फेब्रुवारीत, बाहेर बर्फ असताना. केळशीकरांनी एकदा खिडकीबाहेर बघितलं आणि "ठीक आहे" म्हणून कात्री हातात घेतली. आमच्या वास्तुशांतीला तर मुलाचं "मृणाल म्हणाली म्हणून" एवढंही त्यांना पुरलं होतं.

फक्त मुंजीला काही केल्या पुरत नसे. कुणी "परंपरा" म्हणालं तर म्हणायचे, "परंपरा हा हेतू नव्हे." डेल्फ्टच्या एकाने सांगितलं की मुंजीने बुद्धी तेज होते. "मग गणिताची शिकवणी लावा," म्हणून त्याला परत पाठवला. एका बाईने दोन पानं लिहून दिली, ती यांनी लाल खुणा करून परत केली. भटजीपणाच्या अकरा वर्षांत या माणसाने एकही मुंज लावली नाही. मला वाटायचं, माणूस तत्त्वाचा आहे. तत्त्वाची माणसं मला फारशी आवडत नाहीत, पण जेवायला बरी असतात. पानात टाकत नाहीत.

मग मृणालने ईराची मुंज करायचं काढलं. हल्ली मुलींचीही करतात. मुलाला वाटलं मी आडवी येईन. मी म्हटलं, "मला चौथीनंतर घरी बसवलं. हिला पाटावर मधोमध बसवताय, तर बसवा."

हॉल ठरला, चाळीस माणसांना बोलावणी गेली, आणि केळशीकर कॉफीला आले. छताकडे बघून झालं आणि त्यांनी प्रश्न टाकला.

"तिला आपली मुळं कळावीत म्हणून," मृणाल म्हणाली. पाठ केलेलं होतं.

"मुळं झाडाला असतात," केळशीकर म्हणाले आणि उठायला लागले.

तेवढ्यात ईरा बोलली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते अर्धं डच. मृणालने मधले शब्द जोडून दिले. "काका, मला पोहण्याचा डिप्लोमा मिळाला ना, तेव्हा कपडे आणि बूट घालून पाण्यात उडी मारायची होती. सगळे बघायला आले होते. आजीपण. त्याच्या आधी बाबा पाण्याच्या काठाला उभा राहायचा. आता तो लांब बाकावर बसतो आणि मी खोल पाण्यात एकटी जाते. मुंज तशी असते का?"

केळशीकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हो," ते म्हणाले. "अगदी तशीच असते."

आणि भरलेला कप तसाच ठेवून निघून गेले.

त्यानंतर चार दिवस फोन उचलेनात. दारावरची घंटा वाजवली तर आत हालचाल ऐकू येई, पण दार उघडत नसे. कार्य आठ दिवसांवर आलं आणि भटजी गायब. मृणालचं तोंड एवढंसं झालं. ईरा विचारत होती, मी चुकीचं बोलले का? पोरीचा तो चेहरा मला बघवेना. पाचव्या दिवशी मी थालीपिठं बांधून घेतली, लिफ्टने खाली गेले आणि घंटा न वाजवता दारावर काठी आपटली.

"केळशीकर, मी गुडघ्यांची पेशंट आहे. उघडता की इथेच बसू?"

दार उघडलं. दाढी वाढलेली होती.

"बोला," मी म्हटलं. "हेतू काय आहे या सोंगाचा?"

ते थालीपिठाकडे बघत म्हणाले, "काकू, माझी मुंज झालेली नाही."

वडील गेले तेव्हा ते सात वर्षांचे होते. काका म्हणाले, पुढच्या वर्षी करू. पुढच्या वर्षी काकांच्या दोन्ही मुलांची झाली. हे मांडवात पाणी भरत होते. मंत्र तिथे ऐकून ऐकूनच पाठ झाले. "आई दरवर्षी काकांना विचारायची," ते म्हणाले. "मग ती गेली. मग विचारणारं कुणी राहिलं नाही. लग्न ठरलं असतं तर आदल्या दिवशी उरकून घेतली असती. तेही ठरलं नाही."

"आणि गळ्यातलं जानवं?"

"वसतिगृहात असताना विकत आणलं आणि स्वतःच घातलं. बाकी सगळं मी रेटून नेलं काकू, पण मुंज नाही लावता येत. मला कुणी गायत्री दिलेली नाही. मी ती ईराला कुठून देऊ? इतकी वर्षं लोकांच्या हेतूत चुका काढल्या. त्या पोरीच्या उत्तरात एक चूक सापडेना."

मी वाटेत काय काय धरून चालले होते. माणसाला काही दुखणं निघालं असेल, नोकरी गेली असेल. निघालं काय, तर राहिलेली मुंज. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"हसू नका. मी लोकांना फसवलंय."

"कुणाला? मुंज तर एकाचीही लावली नाहीत," मी म्हटलं. "आता थालीपीठ खा, दाढी करा. आठ दिवसांनी दोन पाट मांडू. एकावर ईरा, एकावर तुम्ही."

"या वयात?"

"मग काय आणखी मोठे व्हायची वाट बघताय?"

ब्रेडाहून दुसरे गुरुजी बोलावले. त्यांना फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाले, "फार उशीर झालाय, आधी प्रायश्चित्त घ्यावं लागेल." मी मुलाच्या हातातून फोन घेतला. "उशीर यांनी केलेला नाही, यांच्या काकांनी केलाय. ते वर आहेत, त्यांच्याकडून घ्या." गुरुजी म्हणाले, छोटंसंच असतं आजी, मी करून घेतो.

मुंजीच्या सकाळी केळशीकर नवं धोतर नेसून ईराच्या शेजारी बसले आणि गुरुजींचे उच्चार सुधारायला लागले. तिसऱ्या चुकीला गुरुजी म्हणाले, "बटू, गप्प बसा." ईरा खिदळली. एरवी मुंजीत न्हाव्याचं काम असतं, पण ईराचे केस मृणाल कापू देणार नव्हती आणि केळशीकरांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही नव्हतं.

मुंज लागण्याआधी मातृभोजन. बटूने आईच्या ताटात शेवटचं जेवायचं, मग तो गुरूचा. मृणाल आणि ईरा एका ताटावर बसल्या. दुसरं ताट केळशीकरांपुढे ठेवलं आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. याचा विचार कुणी केलाच नव्हता. केळशीकर ताटाकडे बघत म्हणाले, "राहू दे. हे वगळलं तरी चालतं."

"काय म्हणून वगळायचं?" मी म्हटलं आणि खाली बसायला लागले. मुलाने एक हात धरला, मृणालने दुसरा.

गुरुजींनी माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं. "आजी, एखादी सवाष्ण असती तर..."

"सवाष्ण असते तर आत्ता नवऱ्याला वाढत बसले असते," मी म्हटलं. "तुम्ही मुहूर्त बघा."

मी वरणभात कालवला, वर तूप घातलं. केळशीकर मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते.

"तोंड उघड," मी म्हटलं.

त्याने उघडलं. मी घास भरवला. तो कितीतरी वेळ चावत राहिला. वरणभाताला इतकं चावायला काय असतं? मी कुणाकडे बघितलं नाही, ताटातली गुठळी फोडत बसले.

दुसरा घास अजून कालवायचाच होता. मान वर केली, तर त्याने तोंड उघडलेलं होतं.