बाळाला चोळायचं तेल

रंभाबाई शेजारून आली आणि दारातच थांबली. "अनंतभाऊ, घरात काही मेलं का?" मग तिला माझी गेलेली बायको आठवली. "म्हणजे उंदीर वगैरे," ती घाईनं म्हणाली.

तेल खवट झालं हे मला त्या सकाळी कळलं.

आणि ते माझ्या हातून! बावीस वर्षं मी तेलघाणीवर मापारी आहे. तेलाला हवा लागू देऊ नका, हे अख्ख्या बुऱ्हाणपुराला मीच सांगतो.

आमच्या लेकीच्या, मंगलाच्या होणाऱ्या बाळासाठी शारदानं तिळाच्या तेलात माका कढवला होता. तिच्या हातचं ते शेवटचं काम. तेल काळ्या बाटलीत भरून, बूच मारून, तिनं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. ती गेल्यावर मला वाटलं, बाटली फुटली तर? त्याच सुमारास सरकारनं मध्य प्रदेशाची अख्खी राजधानी नागपूरहून उचलून भोपाळला नेली होती. मग माझ्याच्यानं शेरभर तेल हलणार नाही? अरुंद तोंडाचा तांब्याचा लोटा काढून तेल त्यात ओतलं. तोंड अरुंद, म्हणजे हवा कमी. लोटा देवाजवळच्या खिडकीत ठेवला, डोळ्यांसमोर.

"विड्याचं पान टाकून तापवा, वास जातो," रंभाबाई म्हणाली. तापवलं. वास गेला, तो गल्लीतल्या सात घरांत.

शेवटी लोटा घेऊन घाणीवर गेलो. सुपडू तेल्यानं बोट बुडवून हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"भाऊ, येले तांबं लागलं. आतली कल्हई कधीचीच उडेल शे."

कल्हईवाल्याला दर दिवाळीला शारदा हाक मारायची. या दिवाळीला ती नव्हती. मला सुचलं नाही.

"ऊन लागत होतं?"

"खिडकीत होतं."

"वा रे मापारी! झाकण तरी घट्ट होतं ना?"

"घट्ट होतं."

"मंग इतकी हवा कुठून गेली?"

मी लोट्याचं झाकण परत लावलं. रोज सकाळी मी झाकण काढून वास घ्यायचो. शारदाच्या हातांना माक्याचा तसाच वास यायचा; तेलाचा हळूहळू बदलत गेला, ते माझ्या नाकाला कळलं नाही. पुढेपुढे संध्याकाळीही काढायला लागलो होतो.

"बाळाला चालेल का रे?"

"दिव्याले चालीन, भाऊ."

मंगला रविवारी सासरहून, डोईफोडियाहून, बाळंतपणाला येते आहे. तिला अजून कळवलेलं नाही. तेलही अजून दिव्यात घातलेलं नाही.