एका पायावर दहा सेकंद

गोविंदकाका नमस्कार नंतर करतात. आधी विचारतात, "एका पायावर उभे राहाल का, दहा सेकंद?"

मला हे ठाऊक नव्हतं. नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही झाशीला आलो आणि तिथल्या नगरा भागात मी मुलींचा बॅलेचा वर्ग सुरू केला. दुसऱ्याच दिवशी एक सत्तरीचे गृहस्थ सरळ आत शिरले. चवड्यांवर तोल सांभाळणाऱ्या मुलीच्या हातात त्यांनी मोबाईल अडकवलेला पट्टा दिला. "बांध बेटा कमरेला. अब हिलना नहीं!"

मी त्यांना अडवायला धावले. दारातल्या एका आईने सांगितलं, "घाबरू नका मॅडमजी, आमचे गोविंदकाका आहेत. रेल्वेत होते. तेव्हा रूळ मोजायचे, आता माणसं मोजतात."

शरीर किती डोललं ते त्या मोबाईलमधलं ॲप अंशांत सांगायचं. "चार अंश! ही मुलगी आहे की मऊरानीपूरची डुलणारी बस?" काका ओरडले. मुली हसल्या आणि पटापट त्यांच्या टाचा जमिनीला टेकल्या.

मग ते रोजच येऊ लागले. एकदा त्यांनी दूधवाल्याला कॅनसकट एका पायावर उभं केलेलं मी पाहिलं. कॅन वाचली, दूधवाला आपटला.

वर्गात त्यांचे प्रश्नही फार. घोटा आधी हलतो की गुडघा? पडलेलं माणूस किती दिवसांत सावरतं? शेवटी माझा संयम सुटला. "काका, हा वर्ग आहे, प्रयोगशाळा नाही. उद्यापासून येऊ नका."

"ठीक है जी," म्हणाले आणि पट्टा गुंडाळून गेले.

चार दिवस मला चैन पडेना. माफी मागायला त्यांच्या घरी गेले आणि उंबऱ्यातच थिजले. खिडकीचे गज धरून काकू टाचा उचलत होत्या, अगदी मी शिकवते तशा. कमरेला तो पट्टा.

"या ना," काकू हसल्या. "वर्ष झालं, मी न्हाणीघरात पडले. तेव्हापासून भिंत सोडायचा धीरच होत नव्हता. तुमच्याकडचं सगळं हे मला करून दाखवतात."

"काका? करून?"

"चवड्यांवर उभे राहून!"

काका घाईघाईने पाणी आणायला गेले.

सोमवारी मी काकूंना वर्गात आणलं. थोडा वेळ त्यांनी भिंतीलगतचा आधाराचा दांडा धरला, मग हळूच सोडला. मुलींनी श्वास रोखले. काका मात्र दिसेनात. मी बाहेर डोकावले, तर चपलांच्या ढिगापाशी भिंतीकडे तोंड करून उभे.

"काका, आत या ना!"

मान न वळवता त्यांनी विचारलं, "उभी आहे ना अजून?"