पुरावा मागनारे आबा

आमच्या समोरच्या घरी उरकुडे आबा राह्यते, त्यायले साऱ्या गोष्टीचा पुरावा लागते. मी धावत गेली, म्हनलं, "आबा, लेकराले ताप आला वो," तं आंगाले हात लावाच्या आदी म्हन्ते, "पुरावा?" माहा जीव इथं थरथरून राह्यला अन् हा मानूस थर्मामीटर वाचल्याशिवाय ताप मंजूर करत नाई!

सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. तालुक्यातली एक संस्था गावायले कामासाठी पैशे देते, तिच्या समितीत हायत. अर्ज तपासते, मार्क देते. घरी आल्यावरबी हात थांबत नाई, म्हनून मंग आमाले देते. माह्या आलूवांग्याच्या भाजीले पाच. शेजारच्या लग्नात नवरदेवाले चार, थेबी मांडवात, त्याच्या मायसमोर. दहापैकी दहा आजवर देवालेबी भेटले नाई. त्यायचा पोरगा पुन्याले हाय, थो फोनवर म्हन्ते, "येतो बाबा, येतो." त्यालेबी आबा म्हन्ते, "पुरावा?" अन् फोन ठेवून देते.

मी सातवीत शाळा सोडली, साहेब दिसला का माही बोलती बंद. पन आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, वाघाचे पंजे दिसले, अन् त्याच धुऱ्यावर लेकरं झोपवून आमी बाया निंदाले जातो, तवापासून माहा जीव थाऱ्यावर नाई. आमच्या बचत गटानं आबाच्या त्याच संस्थेकडे पाळणाघरासाठी अर्ज कराचं ठरवलं. आबाले सांगतलं.

"वाघ आलता? पुरावा?"

"खाल्ल्यावर आनून देऊ का?" मी म्हनलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हा बावा एकटा वावरात! पंज्याच्या बाजूले आपली चप्पल ठेवून फोटो काढला. नुसत्या पंज्याचं माप कसं समजनार म्हने. थो फोटो अर्जाले लावला. वाघानं पाह्यलं असतं तं चपलेलेच भेला असता.

मुलाखतीले तालुक्याले गेलो. लेकरू माह्या कडेवर, बाकीच्या बाया माह्या मांगं लपलेल्या. टेबलामांगं पाच जन, त्यात आमचे आबा असे बसले जसं मले जल्मात पाह्यलं नाई. मी मनात म्हनलं, जाऊ दे, घरचा एक मानूस तं मार्क देईन.

अध्यक्षबाईनं फोटो उचलला. "ही चप्पल कोणाची?"

आबा उठले. थितं एकदम शुद्ध बोलते. "माझी. अर्जदार नात्यातला असला, तर सदस्यानं बाहेर जायचं असा नियम आहे. मी जातो."

एकुलता एक आपला मानूस, थोबी उठला!

"बसा हो उरकुडेजी," बाई म्हनल्या. "चप्पल म्हणजे काही नातं नाही. त्या गावात तुमच्या नात्यातलं आहे कोण?"

आबानं माह्या कडेवर बोट दाखवलं. "हा. नातू आहे माझा."

बाई हसल्या. "पुरावा?"

आबा आपले खिसे चाचपाले लागले. तेवढ्यात माहं पोट्टं, ज्याले आपल्या बापाले धड बाबा म्हनता येत नाई, दोन्ही हात पसरून त्यायच्याकडे झेपावलं अन् वरडलं, "आबा, पुलावा!"

सारे हसले. आबा नाई हसले. लेकरू माह्याकडून घेतलं अन् बाहेर निंघून गेले.

मंग बोलाले मीच उरली. पैशे सरल्यावर पाळणाघर कोन चालवनार, असं त्यायनं विचारलं. मी एका दमात सांगतलं का आमी बाया पाळीपाळीनं मजुरी सोडून लेकरं पाहू, अन् वाघ काई पाळी पाहून येत नाई ना बाई, अन् आनखी काय काय बोलली देवाले ठाऊक. आबा सोडून बाकीच्यायनं मार्क देल्ले. जेमतेम मंजूर झालं, लेकरायच्या खिचडीच्या भांड्यायचे पैशे मात्र कापले.

बाहेर आली थे तणतणतच. "आबा, काऊन उठले वो तुमी? अर्ज पडला असता तं? लेकरं कुठं ठेवली असती आमी?"

आबा बाकावर. लेकरू खांद्यावर, शर्ट लाळेनं वला. मंजूर झालं का नाई, थे विचारलंच नाई. बोट ओठावर ठेवलं.

"हळू बोल वं माय. आत्ताच निजला."