साहेब, माझी बदली?

डॉक्टरांनी पोट कमी करा म्हटलं, तेव्हा मी मुकाट्याने पोहायला गेलो असतो तर आज ही वेळ आली नसती. पण मी कार्यालयाच्या फुटबॉल संघात नाव दिलं. आमची विभागीय लीग अगदीच छोटी. दहा कार्यालयं, दर शनिवारी एक, असे नऊ सामने. संघाचे व्यवस्थापक आमचे साहेबच. त्यांनी मला बदली खेळाडू केलं. (वय सेहेचाळीस. सरावात तीन गोल केले, तिन्ही आपल्याच जाळीत.)

बदली खेळाडूने बाकावर बसायचं असतं. पण बसवतंय कुणाला! पहिल्या शिट्टीपासून मी बाकामागे उड्या मारायचो, गुडघे छातीला लावायचो (लागायचे नाहीत, पोट मध्ये यायचं) आणि दर दहा मिनिटांनी साहेबांच्या कानाशी लागायचो, "साहेब, माझी बदली?"

"बघू."

आठ शनिवार या 'बघू'त गेले. घरीही पाय थांबेनात. भाजी चिरणाऱ्या बायकोच्या मागे मी जागच्या जागी धावायचो. एकदा फ्रिजसमोर गोलकीपरला चकवताना दोन बरण्या फुटल्या.

"अहो, एकदाचे खेळा तरी, नाहीतर सोडा तरी!" बायको म्हणाली.

सोडणं शक्यच नव्हतं. मला एकदा, फक्त एकदा, त्या पांढऱ्या रेषेच्या आत पाय टाकायचा होता.

शेवटच्या सामन्याआधी, गुरुवारी संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "अभिनंदन! तुमची बदली नक्की झाली."

"नक्की? साहेब, फार उपकार झाले! किती वाट पाहिली मी या बदलीची!" मी ओरडलो आणि तसाच नवे मोजे आणायला पळालो.

परत येतो तो हॉलमधलं कपाट रिकामं, पुस्तकांचे गठ्ठे बांधलेले आणि बायको फोनवर, "हो गं आई, बदली! मला न विचारता मागून घेतली यांनी!"

मी दिसताच तिने फोन ठेवला. "कुठे जायचंय?"

"डाव्या बाजूला. अगदी कोपऱ्यात."

"तिथे पाणी येतं का?"

"पाऊस पडला तर घोट्यापर्यंत."

"अरे देवा! आणि किती वर्षं काढायची तिथे?"

"वर्षं कसली? दहा मिनिटं मिळाली तरी खूप झालं!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हसून हसून मी गाद्यांच्या वळकटीवर कोसळलो. "अगं, फुटबॉलमधली बदली! इतकी वर्षं संसार करून नवऱ्याचं बोलणं कळत नाही तुला?" बायको ओशाळली. मी तो विषय दोन दिवस पुरवून पुरवून वापरला. शेवटी शनिवारी ती बिचारी आपल्या आईला घेऊन मैदानावर आली.

सामना बरोबरीत होता. शेवटची दहा मिनिटं राहिली. मी जाकीट काढलं, बायकोकडे बघून हात हलवला आणि साहेबांपुढे उभा राहिलो.

"साहेब, जाऊ?"

"कुठे?"

"आत. बदली नक्की झालीय ना?"

"झाली की. सोमवारी आदेश हातात मिळेल. पुलापलीकडचं कार्यालय."

अख्ख्या हंगामात माझे पाय पहिल्यांदाच थांबले. "पण साहेब, मी तर..."

"दर शनिवारी तुम्हीच मागत होता ना? वरपर्यंत शब्द टाकलाय तुमच्यासाठी."

एव्हाना बायको कठड्यापाशी आली होती. "पण साहेब, यांना तिथेच का?"

"वहिनी, त्यांचा संघ यंदा पहिला आलाय. पुढच्या वर्षी यायला नको." साहेबांनी मैदानावरची नजर काढली नाही. "यांना प्रत्येक सामन्यात पहिल्यापासून खेळवा, असं मी मुद्दाम कळवलंय."

सासूबाईंनी तोंडाला रुमाल लावला. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. मला राग यायला हवा होता, निदान लाज तरी वाटायला हवी होती. पण खोटं कशाला बोलू? माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच, म्हणजे पूर्ण नव्वद मिनिटं!